तुझ्या मागे! : ब्रिटिश पँटोमाइम आणि प्रेक्षकाला लिहून दिलेले संवाद

‘पँटोमाइम’ हा शब्द वाचून काही जण आज मूकाभिनयाबद्दल ऐकायला आले असतील. त्यांना आधीच सांगून टाकतो, की मी ज्या पँटोमाइमबद्दल बोलणार आहे तो जगातल्या सगळ्यात गोंगाटी नाट्यप्रकारांपैकी एक आहे. (हशा) इंग्लंडात नाताळच्या सुमारास, साधारण नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीपर्यंत, गावोगावच्या थिएटरांत जे खेळ लागतात ते हे. तिथली माणसं त्याला नुसतं ‘पँटो’ म्हणतात, मीही तेच म्हणेन. सिंड्रेला, अल्लादीन, जॅक आणि घेवड्याचा वेल, डिक व्हिटिंग्टन, मदर गूज अशा आठ-दहा गोष्टी, त्याच त्या, दरवर्षी. दिवसाला दोन-दोन प्रयोग. तिथल्या बहुतेक मुलांनी आयुष्यात पाहिलेलं पहिलं नाटक हेच असतं. लंडनला, बर्मिंगहॅमला राहणाऱ्या मराठी घरांतली पोरंही शाळेच्या सहलीत हेच बघून येतात आणि घरी आल्यावर आठवडाभर आईबापांना ‘ओ नो इट इझंट’ करून हैराण करतात.

आता एवढं लोकप्रिय म्हटल्यावर समीक्षक त्याच्याकडे फिरकत नाहीत, हे ओघानंच आलं. वर्तमानपत्रात डिसेंबरमध्ये चार ओळी येतात: सजावट झकास, अमुक टीव्ही-नट बरा, विनोद जुने. विनोद जुने ही तक्रार तर मला नेहमी गंमतीची वाटते. आरतीची चाल जुनी आहे अशी तक्रार आपण करतो का? पण त्याच्या संहितेकडे संहिता म्हणून बघायचं कुणी फारसं मनावर घेत नाही. मला ते बघायचंय, आणि एकाच बाजूनं बघायचंय. पँटोमध्ये प्रेक्षकाला संवाद असतात. ते नाटककारानंच लिहिलेले असतात. म्हणजे सहाशे-सातशे माणसं, त्यातली निम्मी दहा वर्षांखालची, एका सुरात काय ओरडणार आणि कुणाच्या विरुद्ध ओरडणार, हे एक माणूस घरी बसून ठरवतो. हे मोठंच अधिकाराचं काम आहे. ते तो कसं करतो यावर पँटोचं चांगलं-वाईट ठरवावं, असं माझं म्हणणं आहे.

इतिहास थोडक्यात घेतो, कारण त्याशिवाय नावाचा घोळ सुटत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन रिच नावाचा थिएटरचालक स्वतः हार्लेक्विनचं काम करायचा आणि त्याचा हार्लेक्विन अवाक्षर बोलत नसे. इटलीतल्या मुखवट्यांच्या खेळातून आलेलं हे पात्र, हातात लाकडी फळी, ती आपटली की फटाक्कन आवाज होतो आणि देखावा बदलतो. ‘स्लॅपस्टिक’ हा शब्द त्या फळीवरून आला. तेव्हा हा प्रकार खरोखरच बराचसा मुका होता. पुढे 1806 साली कॉव्हेंट गार्डनला मदर गूजचा खेळ झाला, त्यात जोसेफ ग्रिमाल्डीनं विदूषक केला आणि हार्लेक्विनला मागे ढकलून विदूषकच मालक झाला. पण तोवर लंडनमध्ये बोलकी नाटकं करायचा हक्क मोजक्याच थिएटरांना होता. 1843 च्या कायद्यानं ती मक्तेदारी गेली आणि सगळ्यांना तोंड फुटलं. मग शब्दांचा पूर आला. कोट्या, यमकं, राजकारणावरचे टोमणे. 1860-61 च्या सुमारास एच. जे. बायरननं सिंड्रेला आणि अल्लादीनची जी विडंबनं लिहिली, त्यांतली काही पात्रं आजही चालू आहेत. नंतर ड्रुरी लेन थिएटरचा ऑगस्टस हॅरिस आला. त्यानं म्यूझिक हॉलमधले लोकप्रिय गायक-नकलाकार मोठ्या पैशानं आणून पँटोत उभे केले. तिथं वर्षानुवर्षं पँटो लिहिणारा ई. एल. ब्लँचर्ड कुरकुरायचा, की मी लिहितो एक आणि हे लोक त्याचे तुकडे करून आपलीच गाणी घुसडतात. ही कुरकुर आजच्या पँटो-लेखकालाही करता येईल. फक्त म्यूझिक हॉलच्या जागी टीव्हीवरची मालिका घाला.

एवढा इतिहास पुरे. आता संहितेकडे.

पँटोची संहिता वाचायला घेतली तर ती भिकार वाटते. खरंच. पानावर तिच्यात जीवच नसतो. कारण ती भोकाभोकांची आहे, आणि ती भोकं मुद्दाम ठेवलेली आहेत. उदाहरण घेऊ या बाकावरच्या भुताचं. हा प्रवेश बहुतेक पँटोत कुठं ना कुठं येतोच. रात्र, जंगल. तीन-चार पात्रं घाबरलेली, एका बाकावर बसतात आणि धीर यावा म्हणून गाणं म्हणतात. प्रेक्षकांना सांगून ठेवतात, ‘काही दिसलं तर ओरडा हं.’ मागून भूत येतं. अख्खं थिएटर ओरडतं, ‘तुझ्या मागे!’ पात्रं वळून बघतात, पण भूतही त्यांच्याबरोबर वळलेलं असतं, त्यामुळे कुणीच दिसत नाही. परत गाणं. परत भूत. दर फेरीत बाकावरचं एक माणूस कमी होतं. शेवटी उरते ती डेम, म्हणजे म्हातारीच्या वेषातला पुरुष. तिची आणि भुताची समोरासमोर नजरानजर होते, आणि तिचं तोंड बघून भूतच किंचाळत पळतं.

यात लिहायचं काय आहे, असं वाटेल. पण बघा. सहा वर्षांच्या पोराला आयुष्यात बहुतेक वेळा काय ऐकावं लागतं? तुला कळत नाही, गप्प बस. इथं उलटं आहे. त्याला माहीत आहे आणि रंगमंचावरच्या मोठ्या माणसांना माहीत नाही. ते जिवाच्या आकांतानं सांगतंय आणि मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत. ग्रीक शोकांतिकेत जे ओझं प्रेक्षकाच्या छातीवर मुकाट बसलेलं असतं, राजाला ठाऊक नाही पण आपल्याला ठाऊक आहे, ते इथं तोंडावाटे बाहेर काढायची परवानगी दिलेली आहे. आणि लेखकाचं कसब फेऱ्या मोजण्यात आहे. पहिल्या फेरीत नियम शिकवायचा, दुसरीत तो पक्का करायचा, तिसरी-चौथीत मोडायचा. एक फेरी जास्त झाली तर पोरं कंटाळून पॉपकॉर्नकडे वळतात. एक कमी पडली तर शेवटच्या किंचाळीला जोर येत नाही.

हा अभ्यास पहिल्या दहा मिनिटांतच सुरू होतो. खलपुरुष रंगमंचाच्या डाव्या अंगानं येतो, चांगली परी उजव्या. आपण प्रेक्षकांतून बघतो तेव्हा बरोबर उलट दिसतं ते. दोघंही बहुधा यमकात बोलतात. खलपुरुष आल्या आल्या प्रेक्षकांचा अपमान करतो: काय हे गाव, काय ही घाणेरडी पोरं. लगेच हुर्यो. म्हणजे त्यानं गोष्टीत काही वाईट करण्याआधीच आपलं त्याच्याशी भांडण लागतं. मग विदूषकछाप पात्र येतं, सिंड्रेलात त्याचं नाव बटन्स. तो म्हणतो, मी ‘हाय गँग’ म्हटलं की तुम्ही अमुक म्हणायचं. पहिल्यांदा आवाज कमी येतो. तो म्हणतो, ऐकू नाही आलं. तीनदा करून घेतो. झाली तालीम! प्रेक्षक आता कंपनीतले नट झाले.

बाकीची रचनाही अशीच कामचलाऊ गरजांतून आलेली आहे आणि मला ती फार आवडते. मोठ्या देखाव्यानंतर एक प्रवेश पुढच्या पडद्यासमोर असतो, दोन-तीन पात्रांचा, नुसत्या गप्पांचा. का? तर मागे राजवाडा उभा करायचाय. भिंतीला कागद चिकटवण्याचा किंवा केक करण्याचा तो प्रसिद्ध चिकट गोंधळ, ज्यात सगळे लगद्यानं माखतात, तो कुठं ठेवायचा हे विनोदापेक्षा फरशी पुसायला किती वेळ मिळतो यावर ठरतं. शेवटच्या लग्नाआधी प्रेक्षकांना एका बाजूची विरुद्ध दुसरी बाजू असं गाणं म्हणायला लावतात, शब्द फलकावर उतरतात, चार पोरांना वर बोलावून नाव-गाव विचारतात. सगळ्यांना वाटतं हा पोरांसाठी प्रेमानं ठेवलेला भाग. आहेच. पण त्या सात-आठ मिनिटांत मागे सगळी कंपनी धापा टाकत लग्नाचे कपडे चढवत असते. आपल्याकडच्या वगनाट्यात शाहिरानं मध्येच सुरू केलेला पोवाडा आठवा. अडचणीतून रीत तयार होते, आणि रीत झाली की तिच्याशिवाय करमत नाही.

डेमबद्दल बोलायलाच हवं, कारण मराठी माणसाचा इथं हमखास गोंधळ होतो. पुरुषानं स्त्रीभूमिका करायची म्हटलं की आपल्याला बालगंधर्व आठवतात. तिथं सगळी साधना पुरुष विसरायला लावण्याची होती. बायका त्यांच्या नेसण्याची नक्कल करायच्या. डेमचं बरोबर उलट. ती बाई आहे असं एक क्षणही कुणाला वाटता कामा नये. बुटांचा आकार, घोगरा आवाज, अचाट टोप. तिचं नातं लागतं ते तमाशातल्या गवळणीतल्या मावशीशी. कृष्णाला अडवणारी, गवळणींना दरडावणारी, पदर खोचलेली मावशी. आपल्याकडे मावशीवर नीट लिहिलेलं फार कमी आहे, हे जाता जाता.

पण मावशीचं आणि डेमचं एक मोठं वेगळेपण आहे. डेम बहुधा गोष्टीतली आई असते, आणि गरीब असते. जॅकची आई, अल्लादीनची आई. हे डॅन लेनोचं देणं. 1888 पासून 1904 मध्ये मरेपर्यंत तो ड्रुरी लेनच्या पँटोत होता. त्याच्या बायका लंडनच्या गल्लीबोळांतल्या होत्या: भाडं थकलेलं, शेजारणीशी वाकडं, तोंडाचा पट्टा चालू. 1902 साली जे. हिकरी वुडनं खास त्याच्यासाठी ‘मदर गूज’ नव्यानं लिहिलं. त्यात म्हातारीला सोन्याची अंडी देणारी हंसीण मिळते, पैसा येतो. मग तिला वाटतं आता रूपही हवं. त्या रूपासाठी ती हंसीण गमावून बसते. या प्रकारात मुख्य पात्राच्याच मनात पाप शिरण्याची ही दुर्मीळ गोष्ट आहे, म्हणून डेम करणाऱ्या नटांना मदर गूजची ओढ असते. इयन मॅकेलनसारख्या शेक्सपिअरच्या नटानं 2004 मध्ये ओल्ड व्हिकला अल्लादीनची आई केली आणि 2022 मध्ये ऐंशी ओलांडल्यावर मदर गूज घेऊन गावोगाव फिरला. हौस म्हणून कुणी हे करत नाही. ते काम करण्याजोगं आहे.

आणि म्हणूनच मला वाईट डेम चटकन ओळखता येते. चांगली डेम स्वतःच्या परिस्थितीवर हसवते. वाईट डेम बायकांवर हसवते. जाडी, वय, मिशी, पुरुषांमागे लागणं, एवढ्याच सामग्रीवर दोन तास. पुढच्या रांगेतल्या एखाद्या बापाला हेरून त्याच्यावर लाडिक डोळे मारायचे, हेही आता ठरून गेलंय. पहिल्यांदा मजा येते. पण त्या बापाला नाव विचारलं, पुढे दोनदा त्याचा उल्लेख गोष्टीत आला, शेवटी त्याचं काहीतरी झालं, तर ते लेखन. नुसतंच छेडलं तर ती सवय.

आता गोष्ट. माझ्या मते पँटो बिघडतो तो इथं. लेखकाला वाटायला लागतं की गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे, तेव्हा ती खुंटीसारखी वापरू आणि तिच्यावर टीव्हीचे संदर्भ, गाजलेली गाणी, पाहुण्या कलाकाराची ठरलेली वाक्यं लटकवू. दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये प्रयोगागणिक ताज्या बातम्यांवर कोट्या घुसडायचे, लोक त्यासाठीच परत परत जायचे. पण खाली वसंत सबनीसांचा वग घट्ट होता, म्हणून ते शक्य झालं. खाली काही नसेल तर वरचं सगळं घसरतं.

जॅकच्या गोष्टीतली गाय घ्या. दोन माणसं कातड्यात, पुढचे पाय एकाचे, मागचे दुसऱ्याचे, हे लहान पोरालाही दिसतं. अर्धा तास ती गाय नाचते, पायात पाय अडकवते, डेमला दूध काढताना छळते. मग भाडं भरायला पैसे नसतात आणि तिला विकावं लागतं. प्रेक्षक ‘आऽऽ’ करतात. डेम म्हणते, एवढंच? यापेक्षा वाईट झालंय! मग दुप्पट मोठा ‘आऽऽ’. हसू येतं. आता चांगला लेखक आणि दिग्दर्शक यानंतर काय करतात? गाय निघते, दाराशी थांबते, वळून बघते. वाद्यवृंद गप्प. कुणी विनोद करत नाही. मी पाहिलंय, त्या क्षणी पोरं खरोखर रडतात, मागचे पाय कुणाचे आहेत हे पक्कं माहीत असताना. आणि वाईट प्रयोगात नेमक्या याच जागी कुणीतरी मॅकडोनल्डवर विनोद करतं. मोठी माणसं खो खो हसतात. राक्षसाला मारायला जॅक वेलावर चढतो तेव्हा मग कुणालाच काही वाटत नाही, आणि दिग्दर्शकाला कळत नाही की दुसऱ्या अंकात ओरडण्याचा जोर का ओसरला.

इथून मी अल्लादीनकडे येतो. ‘प्रेक्षकाला कुणाच्या विरुद्ध ओरडायला लावायचं’ हा प्रश्न तिथं खरा टोकदार होतो.

ही गोष्ट मुळात हलबच्या हन्ना दियाब नावाच्या माणसानं 1709 साली पॅरिसमध्ये आंत्वान गालाँला सांगितली, आणि गालाँनं ती आपल्या अरबी रात्रींच्या फ्रेंच पुस्तकात घातली. गोष्टीतला देश चीन, पण सुलतान आणि माणसं सगळी मुसलमानी जगातली. तिथं चीन म्हणजे फक्त ‘फार लांब’. इंग्लंडच्या रंगमंचावर आल्यावर मात्र तो खराखुरा चीन झाला, म्हणजे इंग्रजांच्या डोक्यातला. पीकिंग शहर, लोंबत्या मिशा, शेंड्या, तुटक इंग्रजी, चिनी नावांवर कोट्या. 1861 मध्ये बायरननं अल्लादीनच्या आईला नाव दिलं विडो ट्वँकी. ट्वँके हा चीनमधून येणारा एक हलका हिरवा चहा. आपल्याकडे एखाद्या म्हातारीला ‘चहाभुकटी काकू’ म्हणावं तसं. बापुडवाणा विनोद. पण साल बघा. दुसरं अफूयुद्ध संपून वर्षही झालेलं नव्हतं. 1860 च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज फौजांनी पीकिंगच्या उन्हाळी राजवाड्याची राख केली होती. त्या चहाचे पैसे इंग्रजांनी बरीच वर्षं अफू विकून उभे केले होते. आणि ती अफू कुठली? एक वाट बंगालची, दुसरी माळव्याची. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत त्या व्यापाराचा मोठा वाटा होता. आपण ‘जे. जे.’ म्हणतो, रुग्णालयाला आणि कलाशाळेला, त्यांचे ते जे. जे. तेव्हा ट्वँकीबाईच्या नावावर हसणाऱ्यांपासून आपण फार लांब बसलेलो नाही.

अलीकडे पूर्व आशियाई वंशाच्या ब्रिटिश नटांनी यावर आवाज उठवला, आणि बऱ्याच थिएटरांनी पीकिंग काढून एखादं काल्पनिक गाव घातलं. एवढ्यानं काय झालं? पाटी बदलली. पुष्कळ ठिकाणी विनोद तेच राहिले, फक्त आता ते कुठल्याच देशाचे नाहीत असं म्हणता येतं. अबानाझर हा खलपुरुष तर अनेकदा तसाच आहे: फेटा, दाढी, सुरमा, कुठल्यातरी पूर्वेचा उच्चार. लंडनमधलं आपलं एखादं आठ वर्षांचं मराठी पोर तिथं बसलेलं असतं. त्याला पहिल्या दहा मिनिटांत शिकवलंय की हा आला की हुर्यो करायची. ते करतं, मनापासून करतं, कारण ओरडण्याचं सुख जबरदस्त आहे. सुट्टीनंतर शाळेच्या मैदानात तीच हुर्यो त्याच्या आजोबांच्या फेट्यावर आली तर? साध्या नाटकात प्रेक्षक बघतो. पँटोत तो भाग घेतो. म्हणून ‘अहो, हा नुसता विनोद आहे’ हे उत्तर इतर ठिकाणी चालेल कदाचित, इथं नाही चालत.

याचा अर्थ अल्लादीन टाकून द्या, असं मी म्हणत नाही. काही जण म्हणतात. मला ते आळशीपणाचं वाटतं. गोष्टीचा गाभा काय आहे? एका विधवेचा कामचुकार पोरगा, ज्याला अचानक सगळं मिळतं आणि दिवा हरवल्यावर सगळं जातं. याला चीन लागत नाही, शेंड्या लागत नाहीत. धोबीघाट लागतो, गरिबी लागते, आणि ‘जुन्याच्या बदल्यात नवा दिवा’ म्हणत येणाऱ्या ठगाला बघून ‘देऊ नको!’ असं जीव तोडून ओरडणारे प्रेक्षक लागतात. अबानाझरनं शत्रुत्व कमवायचं ते फेट्यानं नव्हे, अल्लादीनला गुहेत कोंडून. मग तो कुठल्याही वंशाच्या नटानं करावा, फेटाही घालावा, फक्त नायक आणि राजकन्याही त्याच गावची दिसू देत. हे सगळं लेखकाच्या हातात आहे आणि त्याला खर्च काही येत नाही.

दुसरी वाट पीटर निकल्सनं दाखवली. 1982 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीनं त्याचं ‘पॉपी’ केलं. अफूयुद्धाची गोष्ट, आणि सांगायची रीत शुद्ध पँटोची: डिक व्हिटिंग्टन आहे, मांड्या थोपटणारी, नायकाच्या वेषातली तरुणी आहे, डेम आहे, घोडा आहे. आपण ओळखीच्या जागी सवयीनं हसतो, टाळ्या देतो, आणि मग लक्षात येतं की हिंदुस्थानची अफू चीनच्या घशात घालायच्या कामाला आपण टाळ्या दिल्या. नाटक थोडं लांबतं, दुसऱ्या भागात शिकवणी घ्यायला लागतं. पण निकल्सला एक कळलं होतं. या प्रकाराला धार आहे, आणि ती प्रेक्षकाच्या तोंडात ठेवलेली आहे.

‘पॉपी’ मोठ्यांसाठी आहे, नाताळात पोरांना घेऊन जाण्याजोगं नाही. मला बघायचाय तो पोरांचाच अल्लादीन, ज्यात ट्वँकीबाईला तिचं नाव कुठून आलं हे माहीत आहे. नाव बदलू नका तिचं. ती धुणं बडवता बडवता पुढच्या रांगेतल्या बापाला विचारू दे, चहा घेणार का, आणि मग सांगू दे त्याचा भाव किती, आणि तो कुणी भरला. दोन वाक्यांचा विनोद आहे. डॅन लेनोनं तो सहज केला असता. मोठी माणसं अर्धा क्षण उशिरा हसतील, पोरांना कळणार नाही, आणि तोवर मागून अबानाझर आलेला असेल.

आता प्रश्न घेऊ या.